दारावरचा खण

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकात उतरलं की खण आळी लागते. नावाप्रमाणे ही कापडाचीच बाजारपेठ. साड्यांची दुकानं, मॅचिंग सेंटरं, अस्तरं आणि फॉल विकणारे, आणि नवरात्र जवळ आलं की चालायलाही जागा नाही अशी गर्दी. अलीकडच्या काही वर्षांत इथल्या दुकानांच्या दारांवर दसऱ्याच्या आधीच एक नवी वस्तू लोंबू लागली आहे: खणाचं तोरण. हिरव्या खणाची पानं, वर लाल पट्टी, पानांच्या टोकांना सोनेरी मणी, कडेला गोंडे. ज्या खणाची चोळी शिवायची आणि ज्यानं ओटी भरायची, तो खण आता चौकटीवर चढला आहे.

सांगलीत हरभट रोडवर आणि मारुती रोडवर हेच दृश्य दिसतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत खणाचे आकाशकंदील, खणाची आसनं, खणाच्या फुलांच्या माळा आणि तोरणं यांनी दुकानांचे दर्शनी भाग भरलेले असतात. घेणाऱ्या बायका हातात घेऊन बघतात, उलटं करून शिवण बघतात आणि किंमत ऐकून बहुतेक जणी घासाघीस करतात. या वस्तूबद्दल मला सविस्तर लिहावंसं वाटलं ते या घासाघीशीमुळे. तोरणात किती काम आहे हे माहीत असतं, तर ती इतक्या सहज झाली नसती असं मला वाटतं.

आधी कापडाचं बोलू. खण येतो गुळेदगुड्डहून. हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. सांगली जिल्ह्याचा जत तालुका विजापूरला लागून आहे आणि विजापूरच्या पलीकडे बागलकोट. त्यामुळे खण आणि इरकल ही दोन्ही कापडं आपल्या या पट्ट्यात परकी कधीच नव्हती. मधली राज्याची सीमा नंतर आली, कापडाची वाट तिच्या आधीची. पुण्या-मुंबईला खण हा ‘पारंपरिक लूक’ म्हणून नव्यानं भेटला असेल. जत, कवठेमहांकाळ, माण, खटावच्या बायकांच्या अंगावर मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या होता. खणाचा पन्हा तीस इंचांच्या आसपास, दोन्ही कडांना काठ आणि मधे बारीक ठिपक्यांसारखी विणलेली नक्षी. मुळात हा एका चोळीपुरता विणलेला कपडा. ओटीत देताना त्याची त्रिकोणी घडी घालतात, ती घडी पाहिली की तोरणाच्या पानाचा आकार आधीच तयार दिसतो.

आणि सातारा-सांगली हा कापडाच्या बाबतीत स्वतःही काही रिकामा मुलूख नाही. सांगली हा वेगळा जिल्हा फार जुना नव्हे. 1949 साली संस्थानं विलीन झाल्यावर ‘दक्षिण सातारा’ म्हणून तो निघाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. या जिल्ह्यातल्या विट्याला यंत्रमाग आहेत. सांगलीपासून जवळच, कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी आहे, जिथे विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळं गावच मागांच्या खडखडाटावर उभं राहिलं. आटपाडी, माण, फलटणच्या माळांवर मेंढ्या, आणि मेंढ्यांमुळे लोकर आणि घोंगडी. सूत, रेशीम, लोकर अशा तिन्ही धाग्यांची या भागातल्या हातांना ओळख आहे.

तरीही कापडी तोरणाचं मूळ शोधायला मी बाजारात जाणार नाही. ते गोठ्यात सापडतं.

आपल्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. गावागणिक कोणता पाळायचा ते ठरलेलं. या दिवसासाठी बैलांचा साज येतो तो पाहण्यासारखा असतो. रंगीत लोकरीचे गोंडे, गळ्यातले कंडे, म्होरकी, कपाळावरचं बाशिंग, घुंगरांच्या माळा, आणि पाठीवर तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली झूल. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतही भरतो. तिथल्या साजाच्या दुकानांपुढे उभं राहिलं की एक गोष्ट लख्ख कळते. गोंडा बांधणं, लोकर गुंडाळून गोल कंडा करणं, कापडावर कवड्या टाचणं, घुंगरू अशा बेतानं ओवणं की हालचालीबरोबर वाजलं पाहिजे पण तुटलं नाही पाहिजे, हे सगळं कसब इथं जनावरासाठी तयार झालं. आज तोरणाच्या दोन्ही टोकांना जे गोंडे लोंबतात, ते बैलाच्या साजातले आहेत. काही गावांत बेंदराला संध्याकाळी वेशीत उंचावर दोर बांधतात आणि बैल पळवत नेऊन तो तोडतात. त्याला कर तोडणं म्हणतात. बांधायचं आणि त्याच दिवशी तोडायचं, असलं हे तोरण.

दुसरं मूळ डोक्यावरचं. घागर वाहताना डोक्यावर ठेवायची चुंबळ. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा पट्टा घ्यायचा, पीळ द्यायचा, गोल वळवायचा, टोक आत खुपसायचं. नळ आले आणि चुंबळ गेली. पण लग्नाकार्यात, कलश डोक्यावर घेऊन निघालेल्या बायकांच्या मिरवणुकीत ती अजून दिसते आणि तेव्हा तिला मणी, काठाची पट्टी, कधी कवड्या लावलेल्या असतात. युरोप-अमेरिकेत नाताळात दारावर जे गोल कडं लावतात, त्याच्या कापडी प्रकाराची कृती मी पाहिली तेव्हा मला चुंबळच आठवली. पीळ तोच, गुंडाळणं तेच. आपल्याकडे ते डोक्यावर होतं, त्यांच्याकडे दारावर.

ही गोल कडी आपल्या भागाला अगदीच अनोळखी आहेत असंही नाही. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभारलं आणि त्याच्याभोवती ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढली. साताऱ्यात आणि वाईतही मिशनची कामं होती. नाताळात या घरांच्या दारांवर तारे आणि कडी लागतात. युरोपातल्या नाताळच्या एका कड्याची हकिगत मोठी चांगली आहे. 1839 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विचर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज भंडावत, तेव्हा त्यांनी गाडीचं एक जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची म्हणजे किती दिवस उरले ते मुलांना दिसतं. पुढे चाकाच्या जागी हिरव्या डहाळ्यांचं कडं आलं. गाडीचं चाक, बैलाचा कंडा, घागरीची चुंबळ. माणसाच्या हाताखालच्या वस्तू सणाला वर चढतात, हे सगळीकडचं आहे.

आता कृतीकडे येतो, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण घरी करू पाहणाऱ्यांचे प्रश्न इथेच असतात.

घराच्या मुख्य दाराची चौकट साधारण तीन फुटांची धरू. पानं विषम संख्येत घ्यायची म्हणजे एक पान बरोबर मधोमध येतं; तीन फुटांना अकरा पानं पुरतात. जाड कागदाचा खाका कापायचा, साडेतीन इंच रुंद, आठ इंच लांब, खाली आंब्याच्या पानासारखं निमुळतं टोक. अकरा तुकडे खणाचे, अकरा अस्तराचे. खणाचा पन्हा लक्षात घेतला तर एका ओळीत आठ तुकडे बसतात, म्हणजे ऐंशी सेंटिमीटरच्या एका खणात तीन ओळी, चोवीस तुकडे. एका खणात दोन तोरणांची पानं निघतात. काठ मात्र कापताना वाया घालवू नये, तो वरच्या पट्टीला लावायचा असतो.

कापण्याआधी खण एकदा पाण्यातून काढून सावलीत वाळवावा. लाल आणि जांभळ्या खणाचा रंग जातो आणि पहिल्याच पावसात पांढऱ्या भिंतीवर ओघळ येतात. नव्या सुती अस्तराला खळ असते, ते धुतल्यावर आकसतं. हे न करता शिवलं तर पान पुढे-मागे वळतं आणि मग कितीही इस्त्री फिरवली तरी सरळ होत नाही.

खण आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून जोडायचे, पाव इंच शिवण सोडून दोन्ही कडांनी टोकापर्यंत टाके घालायचे, वरची बाजू उघडी ठेवायची. टोकापाशी जादा कापड कातरून टाकायचं, नाहीतर उलटवल्यावर तिथे गाठ येते. उलटवून टोक विणकामाच्या सुईनं हलकेच बाहेर काढायचं. जोर केला तर शिवणीतून सुई बाहेर येते आणि पान गेलं. मग इस्त्री. शिवण दोन्हीकडे धरून पान तीन इंचांचं होतं. अकरा पानांचे तेहेतीस इंच आणि मधल्या दहा फटी पाव-पाव इंचाच्या, म्हणजे साडेपस्तीस. छत्तीस इंचांच्या पट्टीत हे नेमकं बसतं. पट्टीच्या आत बक्रम, म्हणजे कडक खळीचं कापड, हवंच. बक्रमशिवाय तोरण दोन महिन्यांत मधोमध झोळ धरतं आणि दार जुनं दिसायला लागतं.

यंत्रावर पट्टी झटकन होते. पानांची टोकं, मणी, घुंगरू, गोंडे हे सगळं हाताचं काम. सराईत हातालाही एका तोरणाला अर्धा दिवस सहज लागतो.

फुलं करायची असतील तर जुनी सुती साडी सगळ्यात चांगली. दोन इंच रुंद आणि दीड मीटर लांब पट्टी फाडायची. कातरायची नाही, फाडायची, म्हणजे ती धाग्याला धरून सरळ निघते. लांबीत दुमडून उघड्या कडेला धावदोरा घालायचा आणि दोरा ओढत जायचं. चुण्या पडतात. मग ती पट्टी स्वतःभोवती गुंडाळत खालून टाके घ्यायचे. पिवळ्या साडीचा झेंडू होतो, गुलाबीचा गौरीपुढचा तेरडा.  सोनकी फुलली की साताऱ्याजवळचं कासचं पठार पिवळंधमक होतं. तो पिवळा कापडात आणायचा तर पिवळ्याच्या निदान दोन छटा लागतात, एकट्या पिवळ्यानं फूल सपाट दिसतं.

गोल कडं करायचं तर चुंबळीचीच रीत. जुन्या कापडाचा घट्ट पीळ चाळीस इंचांचा घेतला तर सुमारे पावणेतेरा इंच व्यासाचं कडं होतं. त्यावर पट्ट्या गुंडाळताना त्या उरेब, म्हणजे तिरप्या, कापलेल्या असाव्यात. सरळ पट्टी आतल्या बाजूला चुण्या धरते, उरेब पट्टी वळणाबरोबर ताणली जाते. बांबूची कामटी वळवून केलेली गोल चौकटही चालते. बुरूडकाम करणाऱ्यांकडे सांगून करून घेता येते आणि त्या कारागिराला तेवढंच एक नवं गिऱ्हाईक मिळतं.

माझ्या आजीच्या घरी दारावर मण्यांचं तोरण होतं. तिनं लग्नाआधी केलेलं. त्याची खालची पट्टी फाटली तेव्हा तिनं स्वतःच्या जुन्या इरकलीचा पदर कापून नवी लावली. तेव्हा मला ती केवळ काटकसर वाटली होती. आज वाटतं, त्या पदराला त्याहून चांगली जागा मिळाली नसती.

इथं मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. कापडी तोरण आपोआप चांगलं ठरत नाही. बाजारातली कितीतरी तोरणं सॅटिनची, फेल्टची, चकचकीत जाळीची असतात आणि हे बहुतेक सगळं पॉलिएस्टर, म्हणजे प्लास्टिकचाच धागा. खण म्हणून विकलं जाणारं कापडही आता पुष्कळदा कृत्रिम धाग्याचं असतं. ओळखायची रीत शिंप्याला माहीत असते. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवायचे. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. कापडी फुलांच्या पाकळ्या मेणबत्तीवर धरून कडा वळवण्याची जी कृती सर्रास शिकवतात, ती जमते याचं कारण हेच की ते कापड वितळतं. सुती पाकळी तशी धरली तर जळून जाते.

हा मुद्दा साताऱ्याला विशेष लागू आहे. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली, पण प्लास्टिकची फुलं राहिली. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे आमदार महेश शिंदे यांनी या फुलांमुळे फूलशेतीचं होणारं नुकसान मांडलं आणि फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी बंदीच्या दिशेनं पावलं टाकण्याचं सांगितलं. ज्या भागात शेतकरी झेंडू दसरा-दिवाळीवर नजर ठेवून लावतो, तिथं हा जगण्याचा प्रश्न आहे. मेक्सिकोकडून आलेलं हे फूल आपल्या मातीत असं रुजलं की त्याच्याशिवाय दसरा ओळखू येत नाही. भाव मिळाला तर वर्षाचा खर्च सुटतो. ऐन वेळी पाऊस आला किंवा माल जास्त झाला तर तोडणीचीही मजुरी निघत नाही आणि दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात ढीग सोडून जावं लागतं.

म्हणून कापडी तोरणानं झेंडूची जागा घेऊ नये असं माझं मत आहे. दसऱ्याला आंब्याचे डहाळे आणि झेंडूच हवा, पाडव्यालाही. दोन दिवसांनी ते सुकेल आणि झाडाच्या बुंध्याशी जाईल. कापडी तोरण वर्षभराचं. त्यानं दारावरून हुसकायचंच असेल तर प्लास्टिकच्या माळेला हुसकावं.

राहिला करणाऱ्या हातांचा प्रश्न. ही तोरणं करतात त्या बहुतेक घरी शिवणकाम करणाऱ्या बायका. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आणि श्रावणानंतर तोरणं. दुकानदार कापड आणि मणी देतो, नगावर पैसे देतो. नगावरच्या मजुरीत बक्रम बसवण्याचा, टोक काढण्याचा, एखादं पान उसवून पुन्हा शिवण्याचा वेळ धरलेला नसतो. ज्या स्वतः करून स्वतः विकतात त्यांना जास्त सुटतं, पण त्यासाठी आधी कापड घ्यायला पैसे लागतात, आणि माल विकला जाईपर्यंत ते अडकून पडतात.

याचं उत्तर साताऱ्याच्याच दुष्काळी भागानं एकदा दिलेलं आहे. म्हसवडला 1997 साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढे 2006 साली माणदेशीनं ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा काढली, बसमधून ती गावोगावी जाऊ लागली. शिवण शिकवायची आणि त्याबरोबर हिशेबही शिकवायचा, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्या बाईला पानाला किती मिनिटं लागली आणि खण कितीला पडला हे मांडता येतं, ती तोरणाची किंमत सांगताना खाली बघत नाही. म्हसवडला जे झालं ते जतमध्ये, आटपाडीत, कवठेमहांकाळमध्ये बचत गटांना करता येण्यासारखं आहे. गणपतीच्या आधी दोन महिने खेळतं भांडवल मिळालं आणि सांगली-मिरजेच्या बाजारात सणापुरती बसायला हक्काची जागा मिळाली, तर नगावरचं काम सोडून या बायका स्वतःच्या नावानं विकू शकतील. खण हवा तर तो सरळ गुळेदगुड्डच्या मागावरून गटानं एकत्र मागवावा. विणणाऱ्यालाही तेवढा आधार मिळेल, कारण हातमागाचा खण विणणारे आता कमी होत चालले आहेत.

आणि घरी करणाऱ्यांसाठी शेवटचं. कपाटात ओटीचे खण साठलेले असतात. पन्हा कमी म्हणून त्यांचा ब्लाउज होत नाही, पुन्हा दुसऱ्याच्या ओटीत फिरवायचे तर मन होत नाही. हे खण बाहेर काढा. ज्या कार्यात मिळाले त्याची आठवण असेल तर अस्तराच्या बाजूला दोऱ्यानं साल घालून ठेवा. दुपारी चार जणी एकत्र बसल्या तर पितृपक्षात सुरू केलेलं तोरण घटस्थापनेला दारावर लागतं. शिवायला वेळ नसेल तर जरूर विकत घ्या, पण उलटं करून अस्तर बघा, कापड सुती आहे का विचारा, आणि ती बाई सांगेल ती किंमत द्या.